लिंकची वही: इंदूरहून, एसईओ शिकायला बसलेल्यांसाठी

राजेंद्र नगरात एका काकूंचा घरगुती व्यवसाय आहे. जिरावण (पोह्यांवर भुरभुरतात तो इंदुरी मसाला), पोहे मसाला, लसूण शेव, दिवाळीत चकली आणि अनारसे. त्यांच्या साइटचं काम माझ्याकडे आलं तेव्हा गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे साइट गूगलला कशी दिसते ते मालकाला दाखवणाऱ्या साधनात, एक सूचना दीड महिन्यापासून पडून होती. कुणी उघडूनही पाहिली नव्हती. तुमच्या साइटकडे येणाऱ्या लिंक अनैसर्गिक आहेत, असं त्यात म्हटलं होतं. काकूंना वाचून दाखवलं तर त्या म्हणाल्या, "अनैसर्गिक म्हणजे काय गं? मी तर कुणाच्या दारात गेले नाही."

त्या खरंच गेल्या नव्हत्या. आधीच्या माणसाने पाचशे लिंकचं पॅकेज लावलं होतं, पैसे घेतले होते, आणि मग फोन उचलणं बंद केलं होतं. लिंक कुठे लावल्या, कोणत्या शब्दांवर लावल्या, याची एक ओळही कुणाकडे नव्हती. ते हुडकण्यात माझे पाच आठवडे गेले.

म्हणून आता कुणी एसईओ, म्हणजे गूगलच्या शोधात साइट वर आणण्याचं काम, शिकायला आलं की मी कीवर्डपासून, म्हणजे लोक शोधात टाकतात त्या शब्दांपासून, सुरुवात करत नाही. आधी वही करायला लावते.

वही कशी आखायची

स्प्रेडशीट चालेल, दोनशे पानी वहीसुद्धा चालेल. सात रकाने पाडा: तारीख, लिंक कुठल्या साइटवर आहे, आपल्या कुठल्या पानाकडे येते, कोणत्या शब्दांवर आहे, बोलणं कुणाशी झालं, लिंक कुणी लावली, आणि बदल्यात काय दिलं. शेवटच्या दोन रकान्यांसाठीच हा सगळा खटाटोप. तिथे "बघू नंतर" असं लिहायचं नाही.

दुसरं काम त्याच दिवशी: सर्च कन्सोल. फुकट आहे. साइट आपली आहे हे सिद्ध करायचे दोन मुख्य रस्ते आहेत. डोमेन प्रॉपर्टी घेतली तर डीएनएसमध्ये, म्हणजे साइटच्या नावाच्या तांत्रिक नोंदींत, एक ओळ टाकावी लागते आणि मग साइटच्या पत्त्याची सगळी रूपं (www असलेलं, नसलेलं वगैरे) एका जागी दिसतात. यूआरएल प्रीफिक्स प्रॉपर्टी घेतली तर एक छोटी फाइल साइटवर चढवूनही काम होतं, पण मग तेवढाच पत्ता दिसतो. दोन्ही घ्या. का ते पुढे सफाईत येईल. आणि मालकी काकूंच्या ईमेलवर ठेवा, आपल्या नाही. आपण नुसते वापरकर्ते. आधीच्या माणसाच्या ईमेलवर सगळं असल्यामुळेच ती सूचना दीड महिना कुणाला दिसली नव्हती.

लिंकला एवढी किंमत का आली

हे ठाऊक नसेल तर पुढचे नियम नुसते पाठ होतील, कळणार नाहीत. १९९८ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकणाऱ्या लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी, म्हणजे गूगलच्या संस्थापकांनी, पेजरँकची कल्पना मांडली. संशोधनाच्या जगात एखाद्या निबंधाचा दाखला दुसऱ्यांनी किती दिला यावर त्याचं वजन ठरतं. तेच त्यांनी वेबला लावलं. एका पानाने दुसऱ्याकडे लिंक दिली तर तो एक दाखला, आणि ज्याच्याकडे मुळात वजन आहे त्याचा दाखला जास्त मोलाचा.

इंदुरात नवीन माणूस विचारतो, पोहे कुठे खाऊ? रिक्षावाला एक नाव घेतो, हॉटेलच्या काउंटरवरचा दुसरं. पण शेजारच्या टपरीवरचा माणूस, ज्याला त्यातून एक पैसा मिळणार नाही, तो जे नाव घेतो तिथे आपण जातो. गूगलला लिंकमध्ये हाच तिसरा माणूस हवा असतो. रिक्षावाल्याला कमिशन मिळतं हे कळलं की त्याचं सांगणं आपण सोडून देतो, तसंच गूगलही करतं. आता लिंक हा अनेक खुणांपैकी एक राहिला आहे. पण त्यात खोट केली तर भोवतो अजूनही.

आधी घरातलं

बाहेरून दाखले गोळा करण्याआधी साइटवर दाखला देण्याजोगं काही आहे का ते बघा. काकूंच्या साइटवर जिरावणाचं पान होतं, त्यावर एक फोटो, किंमत आणि "उत्तम दर्जा, शुद्ध मसाले" एवढं. हे वाचून कोण कुणाला सांगेल?

लोक काय लिहून शोधतात ते सर्च कन्सोलच्या परफॉर्मन्स अहवालात दिसतं. आमच्याकडे एक गंमत दिसली. पुण्याचे लोक इंदोरी लिहितात, इथले हिंदी भाषक इंदौरी, आणि आपण घरात इंदुरी म्हणतो. जिरावणचंही तेच, कुणी जीरावन, कुणी जिरावन मसाला. आधीच्या माणसाने यावर काढलेला उपाय असा: पानाच्या तळाशी पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत ही सगळी रूपं साठ-सत्तर वेळा. माउस ओढून मजकूर निवडला की ती निळ्या पट्टीत उगवायची. काकूंना दाखवलं तेव्हा त्या हसायला लागल्या, म्हणाल्या, भिंतीतून झुरळं निघावीत तशी निघाली. याला लपवलेला मजकूर म्हणतात, आणि गूगलच्या स्पॅम धोरणात तो सरळसरळ नियमभंग आहे.

बरोबर रस्ता साधा आहे. ज्या माणसासाठी पान आहे त्याच्या भाषेत लिहा. मराठी पान मराठीत, हिंदी पान हिंदीत, आणि शब्दाची दोन रूपं ओघात आली तर येऊ द्या. शुद्धलेखनाचे बारीक फरक गूगल बऱ्यापैकी सांभाळून घेतं. प्रत्येक पानाला वेगळं शीर्षक हवं. फोटोला वर्णन हवं. पान फोनवर पटकन उघडायला हवं. हा भाग कंटाळवाणा आहे, दोन आठवड्यांत उरकतो, आणि बहुतेक छोट्या साइटींचं अर्धं काम इथेच होतं.

एक सापळा मात्र नीट समजून घ्या, कारण नव्या मुलांना तो हुशारीचा वाटतो. चकली देवास, चकली उज्जैन, चकली महू, चकली खंडवा, अशी पन्नास गावांची पन्नास पानं, आत मजकूर एकच, फक्त गावाचं नाव बदललेलं. यांना डोअरवे पेज म्हणतात, म्हणजे नुसतं आत ओढायला उभं केलेलं दार. २००६ च्या फेब्रुवारीत बीएमडब्ल्यूची जर्मन साइट अशाच दारांमुळे गूगलने काही दिवस यादीतून काढून टाकली होती. शोधयंत्राला शब्दांनी भरलेलं पान दिसायचं आणि माणूस आला की त्याला दुसऱ्याच पानावर पाठवलं जायचं. एवढ्या मोठ्या कंपनीला सूट मिळाली नाही. देवासला खरंच दुकान असेल, वेगळी वेळ असेल, वेगळा फोन असेल, तर देवासचं पान करा. कुरिअर सगळीकडे जातं एवढंच असेल तर एका पानावर तेवढं लिहा.

लिंक: कुठली चालते, कुठली नाही

वहीतले शेवटचे दोन रकाने आता काढा.

लिंक त्यांनी आपणहून लावली आणि बदल्यात काही दिलं नाही: बिनधास्त राहा.

लिंक आपण स्वतः लावली आणि फुकट आहे: इथे जरा थांबा. गूगल बिझनेस प्रोफाइलवर, शहराच्या एखाद्या ओळखीच्या यादीत, आपल्या इन्स्टाग्रामवर साइटचा पत्ता टाकणं यात काहीच वावगं नाही. त्याने क्रमांक उडी मारणार नाही, पण ग्राहकाला पत्ता सापडतो. मात्र तेच तीनशे फालतू डिरेक्टऱ्यांत आणि परक्यांच्या लेखांखाली "छान माहिती" लिहून लिंक चिकटवत फिरणं म्हणजे स्पॅम. तिथे पैसे दिले नाहीत म्हणून ते सोवळं होत नाही.

बदल्यात पैसे दिले: ही जाहिरात. जाहिरात करायला गूगलची बंदी नाही, फक्त ती जाहिरात आहे हे लिंकच्या कोडमध्ये सांगावं लागतं. त्यासाठी लिंकच्या रेल (rel) या गुणधर्मात स्पॉन्सर्ड हा शब्द घालतात. पूर्वी नोफॉलो, म्हणजे ही लिंक दाखला म्हणून धरू नका, हा एकच शब्द होता, २००५ च्या जानेवारीत आलेला, मुळात प्रतिक्रियांमधल्या स्पॅमवर उतारा म्हणून. २०१९ च्या सप्टेंबरात त्याच्या जोडीला दोन आले: पैशाच्या लिंकसाठी स्पॉन्सर्ड, आणि वाचकांनी टाकलेल्या मजकुरातल्या लिंकसाठी यूजीसी. नोफॉलो अजूनही चालतो.

आपल्याकडचं उदाहरण गणेशोत्सवाचं. मंडळ स्मरणिका काढतं, आता तिची साइटही असते. काकू दरवर्षी पाव पानाची जाहिरात देतात. मंडळाच्या मुलाने "आमचे शुभचिंतक" पानावर काकूंच्या साइटची लिंक टाकली. चांगलं केलं. मी त्याला फोन करून एवढंच सांगितलं, भाऊ, तिथे स्पॉन्सर्ड लाव. त्याला वाटलं मी लिंक काढायला सांगतेय. पाच मिनिटं समजावल्यावर त्याने सगळ्याच शुभचिंतकांना तो शब्द लावला. वहीत नोंद: त्यांनी लावली, बदल्यात जाहिरातीचे पैसे, स्पॉन्सर्ड आहे. एक देणगी आणि एक लिंक यावरून गूगल कुणाच्या मागे लागेल असं मला वाटत नाही. पण सवय लहानपणीच लागते.

बदल्यात माल दिला: हाही सौदाच. खाण्याबद्दल लिहिणाऱ्या मुलीला मसाल्याचा डबा फुकट पाठवायचा आणि अट घालायची की लिंक दे, तर ती लिंक विकत घेतल्यासारखीच धरली जाते. डबा पाठवा, तिला जे वाटेल ते लिहू द्या, आणि लिंक दिलीच तर स्पॉन्सर्ड किंवा नोफॉलो लावायला सांगा.

बदल्यात लिंक दिली: तू माझी लाव, मी तुझी लावते. दोन शेजारी दुकानदारांनी एकमेकांचं नाव घेणं वेगळं आणि अदलाबदलीसाठीच "आमचे सहयोगी" नावाचं दोनशे लिंकांचं पान बांधणं वेगळं. दुसरं नियमात बसत नाही. आणि ते वाचतं तरी कोण?

याशिवाय एक जात आहे जी नवशिक्याला ओळखू येत नाही. एकाच माणसाने मुदत संपलेली जुनी डोमेनं विकत घेऊन पन्नास साइटी उभ्या करायच्या, त्यांत दिखाऊ लेख भरायचे आणि प्रत्येकीतून गिऱ्हाइकाकडे लिंक सोडायची. याला पीबीएन म्हणतात, खासगी जाळं. ओळखायची माझी रीत अशी: साइटचं मुखपान उघडा. एका लेखात गुडघेदुखी, दुसऱ्यात क्रिप्टो, तिसऱ्यात लग्नाचे लेहेंगे, चौथ्यात तुमचा जिरावण. लेखकाचं नाव ॲडमिन. संपर्काच्या पानावर फक्त एक फॉर्म. अशा साइटचा रोजचा वाचक कोण असेल याची कल्पना करून पाहा. माणूस डोळ्यासमोर येत नसेल तर लिंक घेऊ नका.

विकणारे तुम्हाला "डीए चाळीसच्या वर" असं सांगतील. डीए हे साइटचं वजन सांगणारं मॉझ नावाच्या कंपनीचं स्वतःचं माप आहे, गूगलचं नाही. उपयोग अगदीच नाही असं नव्हे, पण तो आकडा दाखवून माल विकणाऱ्याकडून मी तरी काही घेत नाही.

शब्दांवरून चोरी कळते

काकूंच्या साइटकडे येणाऱ्या लिंकांची यादी उतरवली तेव्हा पहिल्यांदा डोळ्यात भरले ते लिंकवरचे शब्द, ज्यांना अँकर टेक्स्ट म्हणतात. ओळीने, एकाखाली एक: बेस्ट जीरावन मसाला इन इंदौर. बेस्ट जीरावन मसाला इन इंदौर. बाय जीरावन ऑनलाइन. पुन्हा बेस्ट जीरावन. एक साइट बागकामाची, एक परदेशातल्या प्लंबरची, एक कुणाच्या तरी कुत्र्यांविषयी. कुत्र्यांवर लिहिणारा माणूस मध्येच इंदूरचा जिरावण का आठवेल?

जिवंत माणूस लिंक देतो तेव्हा "काकूंकडून मागवला होता" असं लिहितो, किंवा "इथे बघा", किंवा व्यवसायाचं नाव, तेही बहुतेक वेळा चुकीच्या स्पेलिंगने. शंभर वेगवेगळे लोक एकच जाहिरातवजा वाक्य लिहीत नाहीत. म्हणून नव्यांना माझं सांगणं, पाहुणा लेख वगैरे लिहायचाच असेल तर अँकरमध्ये कीवर्ड ठासू नका. आणि लिंकसाठी घाऊक पाहुणे लेख पाडण्याचा धंदा तर २०१४ सालीच बदनाम झाला, गूगलच्या स्पॅमविरोधी पथकाचे तेव्हाचे प्रमुख मॅट कट्स यांनी उघडपणे आता पुरे म्हटलं होतं.

दंडाचा थोडा इतिहास

२०११ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्क टाइम्सने अमेरिकेतल्या जेसी पेनी या मोठ्या दुकानसाखळीचं प्रकरण छापलं. सणासुदीच्या महिन्यांत कपडे, अंथरुणं, गालिचे, काहीही शोधा, ही साखळी सगळ्यात वर. मागे हजारो असंबद्ध साइटींवरच्या लिंक. गूगलने हाताने कारवाई केली आणि प्रवासी बॅगेच्या एका शोधात ती दोन तासांत पहिल्या क्रमांकावरून एकाहत्तराव्यावर गेली. कंपनीने सांगितलं की आम्हाला माहीत नव्हतं, आणि आपल्या एसईओवाल्यांना काढलं. काकूंसारखंच. फक्त काकूंकडे वकील नव्हते.

पुढच्या वर्षी, २४ एप्रिल २०१२ ला, गूगलच्या यंत्रणेत पेंग्विन नावाचा बदल आला. लिंकांची बनवाबनवी आता यंत्रच ओळखू लागलं. इंग्रजीतल्या सुमारे ३.१ टक्के शोधांवर परिणाम होईल असं गूगलने तेव्हा जाहीर केलं होतं. त्या काळात ज्यांची साइट बसली त्यांना पेंग्विनची पुढची फेरी येईपर्यंत थांबावं लागे, सुधारणा केली तरी. २०१६ च्या सप्टेंबरात पेंग्विन मूळ यंत्रणेचाच भाग झाला आणि सतत चालू लागला. तेव्हापासून तो बहुतेक वेळा वाईट लिंकची किंमत शून्य धरतो, साइटला खाली ढकलत बसत नाही. २०२२ च्या डिसेंबरात त्यांनी स्पॅमब्रेन नावाची यंत्रणाही लिंक ओळखायला लावली.

मला सगळ्यात आवडतो तो २०१२ च्या जानेवारीतला किस्सा. क्रोम ब्राउझरच्या प्रचारासाठी पैसे देऊन लेख लिहवून घेतले गेले आणि त्यातल्या एकात नोफॉलो नसलेली लिंक निघाली. गूगलने क्रोमच्या स्वतःच्या पानाला किमान साठ दिवसांसाठी खाली ढकललं. घरच्या पोरालाही कोपऱ्यात उभं केलं.

आकडे पडले तर घाबरण्याआधी

साइटवर येणारे लोक अचानक कमी झाले की नवशिक्या लगेच "पेनल्टी बसली" म्हणतो. थांबा, क्रमाने बघा.

सर्च कन्सोलमध्ये डाव्या बाजूला मॅन्युअल ॲक्शन्स नावाचा अहवाल आहे. गूगलच्या माणसाने हाताने कारवाई केली असेल तर ती इथे लिहिलेली असते, संपूर्ण साइटवर की काही पानांवर तेही. इथे काही नसेल तर मॅन्युअल दंड नाही, विषय संपला. यंत्राने तुमचं मोल कमी केलं असेल तर त्याची कुठलीही नोटीस येत नाही आणि त्यावर अर्जही करता येत नाही.

मग साइटवरच्या चुका तपासा. नवीन डिझाइन लावताना कुणी नोइंडेक्स, म्हणजे हे पान शोधात दाखवू नका ही खूण, तशीच ठेवली का? शोधयंत्रांनी कुठे फिरायचं ते सांगणाऱ्या रोबोट्सच्या फाइलमध्ये सगळं बंद झालं का? हे फार वेळा होतं.

मग पंचांग काढा. गंमत नाही. फराळाच्या साइटवर दिवाळी संपली की आलेख दरीत कोसळतो. आधीच्या एका वर्षाच्या त्याच महिन्याशी तुलना करून काकूंना एकदा जवळजवळ रडू आलं होतं. २०२३ ला लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होतं, २०२५ ला ते ऑक्टोबरच्या २०-२१ तारखेवर आलं. नोव्हेंबरची नोव्हेंबरशी तुलना केली तर एकीकडे भर सण आणि दुसरीकडे रिकामे डबे. सणाच्या आधीचे चार आठवडे सणाच्या आधीच्या चार आठवड्यांशी लावा.

सफाई, ओळीने

मॅन्युअल ॲक्शन खरोखर आली असेल तरच हे करा.

सर्च कन्सोलच्या लिंक्स अहवालातून बाहेरच्या लिंकांची यादी उतरवून घ्या. दोन याद्या मिळतात, अलीकडच्या लिंकांची आणि नमुन्याची, दोन्ही घ्या. ती वहीत ओता. मग एकेक साइट उघडून बघायची. हो, एकेक. पहिल्या दिवशी मी उत्साहात शंभर पाहिल्या, तिसऱ्या दिवशी मान दुखायला लागली. रंग द्या: हिरवा म्हणजे खरी, लाल म्हणजे बनावट, पिवळा म्हणजे शंका. काकूंच्या भाचीने तिच्या कॉलेजच्या खाद्यजत्रेच्या पानावर दिलेली लिंक हिरवी. आधीच्या माणसाचं सगळं लाल.

लाल साइटवाल्यांना पत्र लिहा: सभ्य, चार ओळींचं, कुठल्या पानावरची कुठली लिंक काढायची ते स्पष्ट. तारीख वहीत. आठवड्याने एक आठवण, तिचीही तारीख. बहुतेक उत्तर देणार नाहीत. काहीजण लिंक काढायचे पैसे मागतील. लावण्याचे घेतले, आता काढण्याचे! देऊ नका. नोंद करा आणि पुढे चला.

जे उरलं ते डिसअव्हाऊ. २०१२ च्या ऑक्टोबरात गूगलने दिलेलं हे साधन. त्यातून आपण म्हणतो की या लिंक आमच्या खात्यात धरू नका. साधी मजकूर फाइल करायची, दर ओळीला एक नोंद. संपूर्ण साइट नाकारायची तर इंग्रजीत डोमेन हा शब्द, मग कोलन, आणि लगेच जागा न सोडता साइटचं नाव. ओळीच्या सुरुवातीला हॅशचं चिन्ह टाकलं की ती ओळ आपल्या टिपणासाठी राहते. हे साधन डोमेन प्रॉपर्टीवर चालत नाही, यूआरएल प्रीफिक्सवरच चालतं. दोन्ही घ्या म्हटलं होतं ते यासाठी. फाइल चढवताना हिरव्यातली एखादी लिंक चुकून गेली नाही ना ते दोनदा बघा, कारण आपल्याच हाताने आपले खरे दाखले फाडले जातात.

त्यानंतर पुनर्विचाराचा अर्ज. इथे वही कामाला येते. अर्ज वाचणाऱ्याला तीन गोष्टी हव्या असतात: नेमकं काय चुकलं, ते दुरुस्त करायला काय केलं, आणि त्याचा निकाल काय लागला. मी लिहिलं की आधीच्या सेवा देणाऱ्याकडून लिंक विकत घेतल्या गेल्या होत्या, ते आता थांबवलं आहे, इतक्या जणांना पत्र लिहिलं, इतक्यांनी काढल्या, उरलेल्या नाकारल्या. वहीची प्रत जोडली. "आम्ही गरीब आहोत, दिवाळी जवळ आली आहे" हे मीही आधी लिहिलं होतं, मग खोडलं. उत्तर यायला काही दिवस ते काही आठवडे लागतात. मध्ये पुन्हा अर्ज टाकू नका.

आमचा पहिला अर्ज नाकारला गेला. उदाहरणादाखल त्यांनी लिंका दाखवल्या, त्या मी पिवळ्यात ठेवून सोडून दिलेल्या होत्या. दुसऱ्यांदा पिवळ्यातले अर्धे लाल केले, तेव्हा दंड उठला. क्रमांक मात्र जुन्या जागी परतला नाही. काकू म्हणाल्या, दंड भरला ना, मग? त्यांना सांगावं लागलं की वरच्या पायरीवर आपण उसन्या स्टुलावर उभे होतो, ते स्टूल परत केलं.

आणि ज्यांना नोटीस आलेलीच नाही त्यांनी डिसअव्हाऊला हात लावू नये. प्रत्येक साइटकडे कुठून तरी जुगाराच्या, औषधांच्या, अगम्य लिपीतल्या लिंक येतातच, गूगल त्यांच्याकडे आपोआप दुर्लक्ष करतं. बाजारातली साधनं "विषारी लिंक" म्हणून लाल आकडा दाखवतात आणि मग सफाईचं पॅकेज विकतात. तो आकडाही गूगलचा नव्हे.

खरे दाखले कुठून येतात

इथे मला घाई करावीशी वाटत नाही, पण खरं सांगायचं तर युक्त्या थोड्याच आहेत. आपल्याला जे ठाऊक आहे आणि इंटरनेटवर धड कुठे लिहिलेलं नाही, ते लिहा. काकूंना चार वाक्यांत विचारलं, जिरावण आणि चाट मसाला यांत फरक काय? त्या पाऊण तास बोलल्या. धने-बडीशेप किती भाजायची, आमचूर शेवटी का, पोह्यांवर किती भुरभुरायचा, आणि हिवाळ्यात सराफ्यात, आमच्या रात्रीच्या खाऊबाजारात, गराडूवर (तळलेल्या कंदावर) तोच का लागतो. ते जसंच्या तसं पानावर घातलं, भाजलेल्या धन्यांच्या फोटोसकट. पोहे वाफेवर ठेवायची इंदुरी पद्धत हे दुसरं पान. ज्या दुकानांत माल ठेवतो त्यांना विचारलं, तुमच्या साइटवर पुरवठादारांची यादी आहे का, असेल तर आमचं नाव घाला. खरं नातं आहे, तर खरी लिंक.

रिव्ह्यूंबद्दल एकच वाक्य: सवलत देऊन तारे घ्यायचे नाहीत, तेही गूगलच्या नियमांविरुद्धच आहे.

वेळ लागतो. गूगलच्याच माणसांनी सांगितलेला अंदाज बहुतेकांसाठी चार महिने ते एक वर्ष असा आहे. जो पंधरा दिवसांत पहिल्या क्रमांकाची गॅरंटी देतो त्याला विचारा, कोणत्या शब्दासाठी? बहुतेकदा असा शब्द सांगेल जो जगात कुणीच शोधत नाही.

नोकरीत सांगितलं तर

माझी पहिली नोकरी विजय नगरातल्या एका ऑफिसात होती. रोज पन्नास बॅकलिंक, म्हणजे दुसऱ्या साइटींवरून गिऱ्हाइकाकडे येणाऱ्या लिंक, लावायच्या, संध्याकाळी सहाला शीट भरायची. नाही म्हणायची ऐपत नव्हती, केलं. तुमच्यावरही हीच वेळ येईल. एकदम भांडू नका. शीटमध्ये "कुणी लावली" आणि "बदल्यात काय" हे दोन रकाने आपल्याकडून वाढवा. पन्नासऐवजी पाच चांगल्या ठिकाणांची यादी सोबत द्या आणि आकड्यांसह दाखवा की कुठल्या लिंकवरून माणसं खरोखर आली. काही साहेब ऐकतात. माझे ऐकले नाहीत, मी आठ महिन्यांनी निघाले. तोवर मात्र कुठल्याही गिऱ्हाइकाला तोंडावर खोटं सांगण्याची वेळ आली तर मी ते वरिष्ठांना सांगायला लावायचे. एवढी पळवाट जमते.

काकूंच्या वहीत मागच्या महिन्यात एक नवीन ओळ आली. पुण्याच्या कुणा बाईंनी जिरावणाचं पान वाचलं, घरी करून पाहिला, जमला नाही, आणि तसं प्रामाणिकपणे लिहून खाली लिंक दिली: "नाहीच जमला तर सरळ यांच्याकडून मागवा". काकूंचं आडनावही चुकवलं होतं. मी नोंद केली: त्यांनी लावली, बदल्यात काही नाही.

काकूंनी वाचलं आणि विचारलं, "हिला आपण काहीच दिलं नाही?"

"नाही."

"मग पत्ता काढ तिचा. पाव किलोचा पुडा पाठवते."

मी म्हटलं, काकू, जरा थांबा, बदल्यात काही द्यायचं नसतं. त्या म्हणाल्या, बदल्यात कुठे, तिचा बिघडला म्हणून. पुडा गेला. तो कुठल्या रकान्यात लिहायचा ते अजून ठरलेलं नाही.